हरमनप्रीत कौर: कर्णधारपद कधी सोडावं आणि मागे काय राहील?

नेरुळ_लोकल | १४ जानेवारी २०२६, रात्री १०:०५

ऑस्ट्रेलियाची कर्णधार अलिसा हिलीने निवृत्ती जाहीर केली. भारताविरुद्धची घरची मालिका खेळून ती थांबणार. त्यातले टी-२० सामने मात्र खेळणार नाही, कारण जूनच्या विश्वचषकाची तयारी नव्या संघाने आत्तापासून करावी असं ठरलं आहे. एकदिवसीय सामने आणि पर्थची कसोटी, बस्स. जाण्याची तारीख, जाण्याचा क्रम आणि मागे येणाऱ्यांसाठी मोकळी जागा, या तिन्ही गोष्टी आधी ठरल्या.

आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा लगेच 'ठेवा' आणि 'काढा' यावर येते. भारताची कर्णधार हरमनप्रीत ८ मार्चला, म्हणजे त्याच पर्थ कसोटीच्या दिवसांत, ३७ पूर्ण करेल. पुढचं कॅलेंडर असं आहे: १२ जून ते ५ जुलै इंग्लंडमध्ये टी-२० विश्वचषक, अंतिम सामना लॉर्ड्सवर. १० जुलैपासून लॉर्ड्सवरच इंग्लंडविरुद्ध कसोटी, त्या मैदानावरची महिलांची पहिलीच. २०२८ मध्ये लॉस एंजलिस ऑलिंपिक, तेही टी-२०. २०२९ मध्ये पुढचा एकदिवसीय विश्वचषक, तेव्हा ती ४० ची असेल.

माझ्या मते निवृत्ती आणि कर्णधारपद हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कर्णधारपदातही टी-२०चं आधी सुटावं, बाकीचं नंतर. ते का, यावर सविस्तर लिहा. ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींनी ती नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर सर्वाधिक जवळून पाहिली आहे, त्यामुळे मैदानावरचे तपशील आले तर उत्तम.

घोडबंदर | १४ जानेवारी, रात्री १०:४८

आधी वारशाबद्दल, कारण निवृत्तीच्या चर्चेत तो घाईघाईने उरकला जातो.

एकदिवसीय विश्वचषकाच्या बाद फेरीतले तिचे डाव चारच आहेत. २०१७ उपांत्य: नाबाद १७१. २०१७ अंतिम: ५१. २०२५ उपांत्य: ८९. २०२५ अंतिम: २०. बेरीज ३३१. संघ हरला तर परत यायचं नाही अशा सामन्यांत चार डावांत ३३१ धावा.

२०१७ च्या उपांत्य सामन्यातल्या, डर्बीच्या १७१ मधला वेग कसा वाढत गेला तो पाहा. पावसामुळे सामना ४२ षटकांचा होता. पहिल्या ५० धावांना ६४ चेंडू लागले, पुढच्या ५० ना २६, त्यापुढच्या ५० ना १७. एकूण ११५ चेंडू, २० चौकार, ७ षटकार. तोवर आपली मधली फळी ५० षटकांत २२० ते २४० धावांचा हिशेब मांडून खेळायची. पहिले ६० चेंडू शांतपणे घालवायचे, कारण मागून भरून काढण्याची ताकद आपल्यात आहे, हा हिशेब तिने रुजवला. आज रिचा घोष किंवा जेमिमा ज्या भरवशाने शेवटच्या दहा षटकांकडे पाहतात त्याची सुरुवात तिथे आहे. चषक कपाटात राहील, पण हा बदल दर सामन्यात दिसतो.

२०१८ मध्ये गयानात न्यूझीलंडविरुद्ध ५१ चेंडूंत १०३ केल्या. भारतीय महिलेचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय टी-२० शतक.

कोपरी_पूल | १४ जानेवारी, रात्री ११:१०

+१. २०२२ चा इंग्लंड दौरा राहिला. कँटरबरीला १११ चेंडूंत नाबाद १४३ आणि मालिका ३-०. त्याच मालिकेत लॉर्ड्सवर झुलन गोस्वामीचा शेवटचा सामना होता. हरमनप्रीत नाणेफेकीला झुलनला सोबत घेऊन गेली होती. आणि २०२५ चा विश्वचषक जिंकल्यावर नेरुळमध्ये मिताली, झुलन, अंजुम चोप्रा यांच्या हातात चषक दिला गेला. मागच्या पिढीला बरोबर घेण्याची ही रीत तिच्या संघात पक्की झाली, तिचीही नोंद हवी.

दवबिंदू | १५ जानेवारी, सकाळी ७:३०

२०२५ च्या विश्वचषकाच्या, २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याबद्दल 'शफालीला चेंडू देण्याचा जुगार' असं सगळीकडे लिहून येतं, कारण शफाली वर्मा मुळात सलामीची फलंदाज. तो जुगार नव्हता. हा निर्णय नीट उलगडून पाहिला तर तिच्या नेतृत्वाची पद्धत कळते, म्हणून थोडं लांबवतो.

परिस्थिती: पावसामुळे सामना दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला, षटकं कमी झाली नाहीत. नाणेफेक दक्षिण आफ्रिकेने जिंकून आपल्याला फलंदाजी दिली, आपण २९८/७ केल्या. म्हणजे आपली सगळी गोलंदाजी दिव्यांखाली, ओलसर हवेत. नेरुळचं मैदान खाडीपासून फार दूर नाही. रात्री बाहेरचं गवत ओलं होतं आणि सीमारेषेवरून परतणारा चेंडू प्रत्येक वेळी पुसावा लागतो.

ओल्या चेंडूने फिरकीत नेमकं काय बिघडतं? महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, पुरुषांच्यापेक्षा हलका आणि थोडा लहान. शिवणीवर बोटं आडवी धरून ऑफस्पिन टाकताना तर्जनी घसरली की दोन चुका होतात: चेंडू फुलटॉस पडतो, नाहीतर आखूड पडून बसतो. जोर लावून टाकणाऱ्या गोलंदाजाला हा त्रास जास्त. हळू, हवेत सोडून टाकणाऱ्याला कमी, कारण तिथे पकडीपेक्षा उंची आणि टप्पा काम करतात. महिलांच्या सामन्यात सीमारेषा ५५ ते ६४ मीटरवर असते आणि एकदिवसीयमध्ये पहिल्या दहा षटकांनंतरही वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. त्यामुळे हळू गोलंदाज महाग पडण्याची भीती खरी असते.

धावसंख्या होती ११३ च्या पुढे, दोन बाद. दक्षिण आफ्रिकेच्या वूल्व्हार्ट आणि लूस यांची भागी पन्नाशी ओलांडून गेलेली. नेहमीच्या गोलंदाजांचा वेग दोघींना समजला होता. त्या वेळी वेग बदलणं हाच उपाय होता आणि शफालीची गोलंदाजी हळू. लूसने चेंडू परत तिच्याच हातात मारला. पुढच्या षटकात मारिझान कॅप लेगच्या बाहेरच्या चेंडूवर यष्टीमागे रिचाकडे झेल देऊन बाद झाली. ११४/३, मग १२३/४.

याहून महत्त्वाचं पुढे घडलं. दोन बळी मिळाले म्हणून हरमनप्रीतने शफालीला दहा षटकं दिली नाहीत. सात षटकं, ३६ धावा, तिथे थांबवलं. फिरकी गोलंदाज दीप्तीची षटकं वूल्व्हार्टसाठी राखून ठेवली. वूल्व्हार्ट शतक करून ४२व्या षटकात दीप्तीच्याच गोलंदाजीवर गेली, अमनजोतने तो झेल हातातून उडूनही धरला. दीप्ती ३९ धावांत ५. शेवटचा झेल कव्हरकडून मागे पळत जाऊन हरमनप्रीतने स्वतः घेतला. २४६ सर्वबाद, ५२ धावांनी विजय.

हंगामी गोलंदाजाला कधी आणावं यापेक्षा कधी थांबवावं हे अवघड. हे ती फार उशिरा, पण फार पक्कं शिकली.

पारसिक | १५ जानेवारी, सकाळी ९:१५

दवबिंदू, विवेचन आवडलं. पण दुसरी बाजूही तेवढ्याच तपशिलाने यायला हवी, नाहीतर निवृत्तीची चर्चा नुसती आरती होईल.

२०२४ चा टी-२० विश्वचषक घ्या. न्यूझीलंडविरुद्ध ५८ धावांनी हार, तिथेच निव्वळ धावगती खड्ड्यात. शारजात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या षटकात १४ हव्या होत्या. अर्धशतक करून खेळपट्टीवर ती उभी, आणि षटकाच्या पहिल्या चेंडूवर एक धाव घेऊन दुसऱ्या टोकाला गेली. पुढे त्या षटकात चार बळी गेले, आपण ९ धावांनी हरलो, ती नाबाद ५४. अशा वेळी साधा नियम असतो: तळाचे फलंदाज असतील तर स्थिरावलेल्या फलंदाजाने पहिले चार चेंडू स्वतः खेळायचे, एकेरी धाव नाकारायची. डगआउटमधून हा निरोप गेला पाहिजे आणि खेळपट्टीवरचीने तो पाळला पाहिजे. दोन्हींपैकी एक झालं नाही.

२०२३ चा बांगलादेशविरुद्धचा मिरपूर प्रकार तर निर्विवाद चूक. यष्टीवर बॅट मारली, पंचांवर जाहीर टीका केली, दोन सामन्यांची बंदी आली. कर्णधार दोन सामने नाही म्हणजे संघाचं नुकसान.

आणि धावचीत होणं. फेब्रुवारी २०२३, केपटाऊन, टी-२० विश्वचषकाची उपांत्य फेरी: ५२ वर असताना बॅट जमिनीत अडकली, आपण ५ धावांनी हरलो. डिसेंबर २०२३, डी. वाय. पाटीलची कसोटी: ४९ वर पुन्हा तसंच. हे दुर्दैव नाही, सवय आहे. यावर कोणी तांत्रिक बोलेल का?

साईटस्क्रीन | १५ जानेवारी, दुपारी १:२०

पारसिक यांच्या शेवटच्या प्रश्नावर. मुलींना सराव देणाऱ्या सगळ्यांनी हे शिकवायला हवं.

बॅट अडकते तेव्हा तिचं टोक जमिनीत खुपसलं गेलेलं असतं. कारणं तीन. एक, धावणारी उभीच राहते, त्यामुळे बॅट उभ्या कोनात उतरते. दोन, बॅट रेषेच्या फार आधी टेकवली जाते, म्हणजे घासत न्यायचं अंतर वाढतं. तीन, मूठ घट्ट धरल्याने मनगट वळत नाही.

योग्य रीत अशी. रेषेच्या साधारण दोन पावलं आधी कंबर आणि गुडघे वाकवून खाली यायचं. बॅट एका हातात, हात पूर्ण लांब. पात्याची कड किंवा सपाट बाजू जमिनीलगत ठेवून सरकवायची, टोक कधीही खाली रोखायचं नाही. नजर रेषेवर, चेंडूवर नाही. दुसरी धाव घ्यायची असेल तर वळताना चेंडू ज्या बाजूला असेल तिकडे तोंड राहील अशा हातात बॅट घ्यायची, म्हणजे आंधळं वळण होत नाही. खेळपट्टीच्या कडेची माती भेगाळलेली असेल, किंवा गोलंदाजांच्या पायांनी खड्डे पडलेले असतील, तर ती पट्टी सोडून बाहेरून धावायचं.

नियमाचा गोंधळही दूर करायला हवा. ऑक्टोबर २०१७ पासून, बॅट किंवा शरीर रेषेपलीकडे एकदा टेकून धाव चालू असताना हवेत उचललं गेलं तर फलंदाज बाद नाही. पण बॅट रेषेच्या अलीकडेच अडकली तर या नियमाचा काही उपयोग नाही. केपटाऊनला तेच झालं.

सरावात पॅड-हेल्मेटसह, दमल्यावर, शेवटच्या दहा मिनिटांत हे करून घ्यावं. ताज्या पायांनी सगळ्यांना जमतं.

नेरुळ_लोकल | १५ जानेवारी, दुपारी २:०५

साईटस्क्रीन, फार उपयोगी. आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे: कर्णधार कोण, कधी?

आनंदनगर_जकात | १५ जानेवारी, रात्री ८:४०

स्मृती मानधना. उपकर्णधार आहे, २९ ची आहे, बंगळूरला महिला प्रीमियर लीगचं २०२४ चं विजेतेपद तिने मिळवून दिलं. भारताची कर्णधार म्हणून तिची परीक्षाही झालेली आहे, आणि त्यातला एक भाग नेरुळमध्येच.

डिसेंबर २०२४, वेस्ट इंडिजविरुद्ध तीन टी-२०, तिन्ही डी. वाय. पाटीलवर. गुडघ्यामुळे हरमनप्रीत शेवटचे दोन खेळली नाही. दुसऱ्या सामन्यात आपण १५९/९, आणि हेली मॅथ्यूजच्या नाबाद ८५ मुळे त्यांनी सोळाव्या षटकातच ९ गडी राखून जिंकलं. दोन दिवसांनी आपण २१७/४, स्मृती ७७, रिचाचं १८ चेंडूंत अर्धशतक, ६० धावांनी विजय. जानेवारी २०२५ ला राजकोटला आयर्लंडविरुद्ध ३-०, त्यात ४३५/५ आणि ३०४ धावांनी विजय.

दुसऱ्या सामन्यातला धडा मोलाचा. दव असताना कमी धावांचा बचाव करायचा तर पहिल्या सहा षटकांत बळी हवेत, नुसत्या धावा रोखून भागत नाही. मॅथ्यूज पहिल्या चार षटकांत स्थिरावली आणि सामना संपला. असे धडे हरमनप्रीत संघात, मैदानावर असतानाच नव्या कर्णधाराने घेतले तर त्यांची किंमत कमी मोजावी लागते. म्हणूनच टी-२०चं कर्णधारपद ५ जुलैनंतर लगेच स्मृतीकडे जावं. हरमनप्रीत फलंदाज म्हणून राहावी.

घोडबंदर | १५ जानेवारी, रात्री ९:२५

इथे माझा विरोध. तिच्या फलंदाजीला उतार लागलेला नाही. जुलै २०२५ मध्ये डरहमला शतक. डिसेंबरमध्ये श्रीलंकेविरुद्ध ५-० मालिका, शेवटच्या सामन्यात ६८. आणि या आठवड्यात लीगमध्ये, आपल्या नेरुळमध्ये, दिल्लीविरुद्ध नाबाद ७४, गुजरातविरुद्ध नाबाद ७१. ऑलिंपिक अडीच वर्षांवर आहे, संघ सहाच, खेळाडू पंधराच. दडपण सहन करणारी कर्णधार एवढ्यात का बदलायची?

शिवाय स्मृती सलामीला येते. तिच्यावर पहिल्या षटकापासून धावांचा भार आहे. विश्वचषकात ४३४ धावा तिने मोकळ्या मनाने केल्या. त्यावर क्षेत्ररचना, गोलंदाजांचे बदल, पुनरावलोकनाचे (डीआरएसचे) निर्णय, षटकांची गती, सगळं लादायचं?

आनंदनगर_जकात | १५ जानेवारी, रात्री १०:००

ऑलिंपिकमुळेच. पंधराच्या संघात जायबंदी खेळाडूला जागा नाही. जुलै २०२८ ला ती ३९ ची असेल. दुखापत ऐनवेळी झाली आणि नवा कर्णधार तेव्हा उभा करावा लागला, तर ती परिस्थिती तुमच्या भीतीपेक्षा वाईट. दोन वर्षं आधी बदल केला तर ऑलिंपिकपर्यंत स्मृतीच्या हाताखालून बरेच टी-२० सामने गेलेले असतील.

सलामीच्या भाराबद्दल: भार वाटून घेता येतो. पुनरावलोकनाचा पहिला शब्द यष्टीरक्षक रिचाचा. घड्याळ दीप्तीकडे, कारण टी-२० मध्ये ठरलेल्या वेळेत शेवटचं षटक सुरू झालं नाही तर उरलेल्या चेंडूंसाठी वर्तुळाबाहेरचा एक क्षेत्ररक्षक आत आणावा लागतो, आणि शेवटच्या षटकात ते मोठं नुकसान असतं. कर्णधाराने मिडऑफला उभं राहायचं, सीमारेषेवर नाही, म्हणजे गोलंदाजाशी प्रत्येक चेंडूनंतर दोन शब्द बोलता येतात.

पारसिक | १५ जानेवारी, रात्री १०:३५

आनंदनगर यांना अनुमोदन. मितालीचं उदाहरण आहे. तिने टी-२० मधून सप्टेंबर २०१९ ला निवृत्ती घेतली, पण टी-२०चं कर्णधारपद त्याच्या जवळपास तीन वर्षं आधीच हरमनप्रीतकडे आलं होतं. त्या काळात २०१८ च्या उपांत्य सामन्यात मितालीला बाहेर बसवल्याचा वाद झाला हे खरं. तरी २०२२ ला मिताली थांबली तेव्हा एकदिवसीय संघाला नवी कर्णधार शोधावी लागली नाही. तोच क्रम आता पुन्हा वापरायचा, वाद टाळून. बाहेर बसवायचं की नाही हे निवड समितीने आधीच समोरासमोर सांगावं.

लीगमधल्या मुंबई इंडियन्सचं वेगळं. तिला अडीच कोटींना राखलं आहे, २०२३ आणि २०२५ ची दोन विजेतेपदं तिची आहेत. तिथे ती हवी तितकी वर्षं कर्णधार राहू शकते. वर्षातले चार आठवडे, प्रवास कमी, शरीर सांभाळून.

दवबिंदू | १६ जानेवारी, सकाळी ७:१०

कसोटीचा मुद्दा सुटतोय. डिसेंबर २०२३ ला नेरुळमध्ये इंग्लंडविरुद्ध ३४७ धावांनी विजय, महिला कसोटीत धावांच्या फरकाने सर्वांत मोठा. पहिल्याच दिवशी ४१० धावा. इंग्लंड १३६ वर संपलं तेव्हा आघाडी २९२ ची होती, फॉलोऑनला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, महिलांच्या चार दिवसांच्या कसोटीत १५० पुरतात. तिने फॉलोऑन दिला नाही. कारण सरळ होतं: फिरकीला खेळपट्टी दर सत्राला अधिक साथ देत होती, चौथा डाव इंग्लंडने खेळायला हवा होता आणि आपल्या गोलंदाजांना विश्रांती मिळत होती. १८६/६ वर डाव सोडला आणि इंग्लंड १३१. दीप्तीचे सामन्यात नऊ बळी. पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदा हरवलं.

वर्षाला एक-दोन कसोटी होतात, शरीरावर भार फारसा नाही आणि निर्णयांना सर्वाधिक वाव तिथेच असतो. कसोटीचं कर्णधारपद तिने सगळ्यात शेवटी सोडावं.

साईटस्क्रीन | १६ जानेवारी, सकाळी १०:५०

कर्णधार मिळेल. खरा प्रश्न फलंदाजीतल्या चौथ्या क्रमांकाचा, म्हणजे हरमनप्रीतच्या जागेचा आहे आणि त्यावर अजून कोणी लिहिलं नाही.

२०२५ च्या विश्वचषकात आपण दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे तीन सामने ओळीने हरलो. इंग्लंडविरुद्ध सहावी गोलंदाज हवी म्हणून जेमिमाला वगळलं आणि इंदूरला ४ धावांनी हरलो. नेरुळमध्ये न्यूझीलंडविरुद्ध तिला परत आणून तिसऱ्यावर पाठवलं, नाबाद ७६. उपांत्य सामन्यात ३३९ चा पाठलाग करताना ती पुन्हा तिसरी, नाबाद १२७, आणि हरमनप्रीतबरोबर १६७ ची भागी. त्या भागीत चौथ्या क्रमांकाचं काम होतं ८८ चेंडूंत ८९: जेमिमा एकेरी-दुहेरी काढत असताना चौकारांचं ओझं उचलणं, म्हणजे हवी ती धावगती आवाक्याबाहेर जात नाही.

हे काम करणाऱ्या फलंदाजाकडे तीन गोष्टी लागतात. फिरकीला पुढचा पाय बाजूला करून मिडविकेटवरून उचलण्याची ताकद. डीप मिडविकेट ठेवली की तोच चेंडू कव्हरवरून मारण्याची तयारी. आणि पहिल्या वीस चेंडूंत चौकार नाही मिळाला तरी न घाबरण्याचा स्वभाव. पहिल्या दोन सरावाने येतात: एका सत्रात फिरकीचे ६० चेंडू, पहिले २० फक्त जमिनीलगत, पुढचे २० दोन ठरलेल्या जागांमधून वरून, शेवटचे २० क्षेत्ररचना दर चार चेंडूंनी बदलून. तिसरी सामन्यांतच येते. त्यासाठी देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांत त्या मुलीला चौथ्यावरच खेळवावं लागतं, धावा झाल्या की सलामीला ढकलायचं नाही. आपल्या भागातल्या १५ आणि १९ वर्षांखालच्या संघांत हीच चूक होते. जी सर्वांत चांगली ती सलामीला, आणि मधल्या फळीत उरलेल्या.

जेमिमा चौथ्यावर आली तर तिसरी कोण? हरलीन देओल? सलामीची प्रतिका रावल घोट्याच्या दुखापतीतून पूर्ण बरी झाली तर ती आणि शफाली दोघींना कसं बसवायचं? निवड समितीने जुलैनंतरच्या पहिल्या एकदिवसीय मालिकेत हरमनप्रीतला एक-दोन सामने मुद्दाम विश्रांती देऊन हे तपासावं.

नेरुळ_लोकल | १६ जानेवारी, दुपारी १२:१५

साईटस्क्रीन, विश्रांतीची सूचना पटली. हरलीनच्या तिसऱ्या क्रमांकावरच्या एकदिवसीय डावांचा तक्ता मी रविवारपर्यंत करून इथेच टाकतो, फिरकी आणि वेगवान गोलंदाजी वेगळी काढून. कोणाकडे प्रतिकाचे देशांतर्गत डाव नोंदवलेले असतील तर त्याच रकान्यांत द्या, म्हणजे तुलना करता येईल.